केतकी डायन नव्हती

३ मार्च २०२५, सोमवार

उचलली जीभ लावली टाळ्याला! मुंबईची कोण ती डिंपल, मला सांगते — केतकी डायन होती म्हणे!

छत्तीस वर्षं झाली 'सायागढ' मालिका संपून. धुक्यातली ती गढी, आपोआप वाजणारी पेटी, आडाच्या काठावर उभी राहणारी नवी सून केतकी. मला वाटायचं, आमच्या गावाबाहेर कोणाला त्याची आठवणही नसेल. तर रश्मीने, म्हणजे माझ्या नातीने, माझ्या फोनवर ग्रुप काढून दिला — सायागढचे दिवाने. एकशे ब्याऐंशी माणसं! आठ दिवस मी हवेत होते. केतकीचं लुगडं काळं होतं की जांभळं, यावर दोन दिवस वाद. आमच्या टीव्हीत रंगच नव्हता, त्यामुळे मी गप्प. पण गढीतलं घुबड पेंढा भरलेलं होतं आणि त्याचा एक डोळा म्हणजे कोटाचं बटण होतं, हे मीच सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या.

आज निघाला शेवटाचा विषय. शेवटचा भाग कोणाकडेच नाही. मूळ टेपा कुठे गेल्या, देव जाणे. डिंपल म्हणते, तिने नऊ वर्षांची असताना पाहिला. केतकी खदखदा हसली, लेकरं मीच खाल्ली म्हणाली आणि गढी पेटवली. मी लिहिलं, बाई, असं झालं नाही. केतकीचा काही गुन्हा नव्हता. लेकरं तिच्या जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, रणधीरने मारली आणि नाव हिच्यावर घातलं. शेवटी त्याने तिचे पाय धरले. मी डोळ्यांनी पाहिलं. सगळ्या गावाने पाहिलं.

डिंपलचं उत्तर आलं, खाली इतरांची हसणारी तोंडं — "काकू, तुमच्या गावात वेगळा टीव्ही होता का?"

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा हसणारी तोंडं. त्यातले काही परवापर्यंत मला टाळ्या पाठवणारे!

६ मार्च, गुरुवार

ग्रुप चालवणारा नागपूरचा अश्वजित म्हणून आहे. मला गोकुळाताई म्हणतो. बोलतो लोण्यासारखं, पण प्रश्न वकिलाचे. कुठे पाहिलं, किती जण होते, हिंदी कळत होतं का?

हिंदी कळत नव्हतं. त्यात लाज कसली? ग्रामपंचायतीचा टीव्ही होता, एक कपाट आणि त्याला कुलूप. किल्ली डोमाजवळ. डोमा चार वर्षं भिलाईला काम करून आलेला, म्हणून हिंदीचा पंडित. शनिवारी दिवेलागणीला कपाट उघडायचा, हातात काडी घेऊन टीव्हीच्या बाजूला उभा राहायचा आणि आम्हा बायांना आपल्या बोलीत सांगायचा — आता हा असं म्हणून राह्यला, आता ते तसं म्हणून राह्यली. मास्तरही एवढ्या ऐटीत शिकवत नसेल. वाघ पाहिला तर दोन सांगेल असा माणूस, मला कधी आवडला नाही. किल्ली हाती आली की काही लोकांचं डोकं आभाळाला लागतं. पण मालिका सांगावी त्यानेच.

हे सगळं लिहिलं. डिंपलने विचारलं, म्हणजे काकू, तुम्ही पाहिली की ऐकली?

हिला कोणी आई-आजी आहे की नाही!

९ मार्च, रविवार

सकाळी मोह वेचून आल्यावर रश्मीला घेऊन घरोघर फिरले. सात जणी जमल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, दोघींना दात नाहीत. रश्मीने एकेकीचा आवाज फोनमध्ये भरला. सोनीबाई तर पदर सारखा करून बसली, जशी फोटोलाच बसली. सांगताना अडखळली नाही — "केतकीचा काई कसूर नोयता. रणधीरानं पाय धरले अन् म्हणला, माये, पाप माह्यं, नाव तुह्यं केलं."

सातही जणींचं तेच. पाठवून दिलं. म्हटलं, घ्या आता पुरावा.

अश्वजितचं उत्तर संध्याकाळी आलं. गोकुळाताई, राग मानू नका, पण सातही जणींचं वाक्य एकच आहे, शब्दाला शब्द. आणि ठाकुराच्या गढीतला रणधीर "माये" कसा म्हणेल?

डिंपलने दोनच शब्द लिहिले. शिकवून आणल्या.

शिकवून आणल्या! लेकरानातवंडांवर हात ठेवून बोलल्या त्या बाया. तिच्या मुंबईत शेजारचा माणूस मेला तर तीन दिवसांनी कळतं, आणि ही आम्हाला खोटं ठरवते. मी फोन पिठाच्या डब्यावर आपटला. रश्मी म्हणाली, आजी, टीव्हीची गोष्ट आहे, सोडून दे.

तिला काय माहीत.

१० मार्च, सोमवार

या वहीला सांगते. ग्रुपवर कसं सांगू, एकशे ब्याऐंशी लोकांत?

त्या वर्षी आमचे हे काविळीने गेले. मी तिशीची. घरात मी आणि मांडीवरचा पोरगा, रश्मीचा बाप. आईकडून झाडपाल्याचं थोडं शिकले होते, लोक यायचे. पावसाळ्यात ताप आला. आमच्या टोलीत, एवढ्याशा वस्तीत, तीन लेकरं गेली. तिसरा सोनीबाईचा पोचू, चार वर्षांचा. आदल्या संध्याकाळी सोनीबाईच त्याला घेऊन आली होती. मी भुईनिंबाचा काढा पाजला. सकाळी पोर गेलं.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण माझ्या चुलीचा विस्तव कोणी नेईना. बोरिंगवर मी गेले की बाया पाण्याचे गुंड उचलून बाजूला व्हायच्या. आया लेकरांना पदराखाली घ्यायच्या. आणि नेमकं तेव्हाच मालिकेत गढीतली लेकरं एकामागून एक मरत होती आणि सगळे केतकीकडे बोट दाखवत होते! शनिवारी बाया टीव्हीकडे पाहायच्या आणि मग वळून माझ्याकडे पाहायच्या. मी मागे भिंतीला टेकून बसायची. उठून जायची हिंमत नव्हती. गेले असते तर म्हणाल्या असत्या, पाहा, झोंबलं.

मग तो शेवटचा शनिवार. रणधीरने पाय धरले आणि डोमाने सांगितलं, पाप माह्यं, नाव तुह्यं केलं. मी रडले, पण अंधारात कोणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात सोनीबाई माझ्या अंगणात आली. ज्या बाईचं पोर गेलं, ती! खाली बसली आणि म्हणाली, "पाणी दे वं गोकुळे. तुह्या हातचं दे." आजूबाजूच्या सगळ्यांनी पाहिलं. तिने गडवाभर पाणी पिलं, तोंड पुसलं आणि गेली. सोनीबाईने टीव्हीवर भरवसा ठेवला, गावाने सोनीबाईवर. आठ दिवसांत माझ्या चुलीचा विस्तव पुन्हा घरोघर जायला लागला.

तेव्हापासून ती माझी मैतरीण. आणि आता ही डिंपल म्हणते, केतकी डायन होती! मग मी कोण?

१४ मार्च, शुक्रवार, धुलिवंदन

गावभर रंग, आणि माझ्या तोंडाला काळं.

ग्रुपमधल्या कोणाच्या तरी मामाकडे जुनी कॅसेट सापडली. शेवटची अकरा मिनिटं. अश्वजितने टाकली. मी आत जाऊन, दार लोटून पाहिली.

तीच केतकी. तोच आड. रणधीर तिच्या पायाशी पडतो — पण जिवाची भीक मागायला! आणि केतकी हसते. खदखदा. हिंदी मला आता कळते, नातवंडांबरोबर टीव्ही पाहून पाहून शिकले. हो, मीच ती, म्हणते. सगळी लेकरं मीच नेली. मग गढी पेटते.

खोटं आहे! हल्ली फोनमध्ये मेलेल्या माणसालाही बोलायला लावतात. कोणाचंही तोंड कोणालाही बसवतात. चाळीस आठवडे जी बाई डोळ्यांत पाणी आणून फिरली, ती शेवटच्या दिवशी अशी हसेल?

सोनीबाई रंग लावायला आली होती. मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

१५ मार्च, शनिवार

डिंपल — "आता काकू काय म्हणतात?"

काकू म्हणतात, थांबा. तोंडाने सांगणारा माणूस अजून जिवंत आहे. डोमा कोरपन्याला पोराकडे असतो. त्याला फोनसमोर बसवते आणि बोलवते. मग पाहू कोणाचं तोंड कुठे जातं!

१८ मार्च, मंगळवार, कोरपना

पहाटे धानोऱ्याची एसटी, मग गडचिरोली, मग चांदा, मग ही. अंगाचं खोबरं झालं.

डोमा वाळला. ऐंशीला टेकला असेल. पोरगा हेमराज सिमेंट कंपनीत आहे, सून चांगली. मला पाहून डोमा उठून बसला, गोकुळाबाई म्हणून ओळखलं. मी पाणीही न घेता सांगितलं, डोमाभाऊ, तुह्या नावावर थुंकून राह्यले लोक, हे पाय. हेमराजने त्याच्या मोठ्या फोनवर ती अकरा मिनिटं लावली. डोमाने फोन डोळ्याजवळ धरून पाहिली. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा पाहिली. मग बोळक्या तोंडाने हसला.

"बरोबर हाय वं हे. असंच होतं."

मी म्हटलं, डोमाभाऊ, नीट पाय. तूच त सांगतलं आमाले, रणधीरानं पाय धरले अन् पाप कबूल केलं.

"पाय त धरलेच ना. काऊन धरले, थे म्या सांगतलं."

"अन् आवाज?"

"आवाजाचं बटन माह्या हाती. बंद केलं अन् म्हणलं, बिघडला. थे हासाच्या आंधी कपाटाले कुलूप लावलं, म्हणलं, खतम. साऱ्यायनं मानलं."

काऊन केलं, म्हणून विचारलं. तर खिडकीकडे पाहत म्हणाला, रंगात आलतो बाई, सोड आता, जेव अन् जाय.

रंगात आला होता! छत्तीस वर्षं सगळं गाव याच्या थापेवर जगलं, आणि हा रंगात आला होता! मी त्याच्या सुनेसमोर त्याला लपाड्या म्हटलं. किल्लीचा माज म्हटलं. सात म्हाताऱ्यांना देशभर खोटं पाडलंस, म्हटलं. त्याने ऐकून घेतलं, मान खाली घालून. सुनेने ताट वाढलं होतं. मी शिवले नाही.

१९ मार्च, बुधवार

परत आले. ग्रुपवर काही लिहिलं नाही. काय लिहू?

सोनीबाई दारातच होती. काय म्हणला डोमा, तिने विचारलं. त्याले ऐकू येत नाई आता, म्हटलं. माझ्या तोंडून तिच्याशी पहिलं खोटं निघालं, तेही त्या लपाड्यापायी. रात्रभर एकच घोळत राहिलं. तिने माझ्या हातचं पाणी पिलं ते एका थापेवर भरवसा ठेवून. खरी गोष्ट तिच्या कानावर गेली असती तर ती आली असती का? आता गेली तर काय म्हणेल? तिला सांगावं की नाही, या एका प्रश्नाने जेवण जात नाही. आणि राग येतो तो डोमाचाच. दगडाखाली ठेवलेलं काहीतरी उगाच उकरून काढायला लावलं त्याने.

२० मार्च, गुरुवार

ठरलं. सोनीबाईला सांगणार. आता मरायच्या वयात तिला फसवून ठेवणं बरं नाही. पाणी प्यायचं बंद केलं तर केलं.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी हेमराजचा फोन. बाबाला बोलायचं आहे म्हणाला. डोमा म्हणाला, तू रागानं गेलीस, म्हणून झोप नाही आली. कोणाले सांगणार नाई म्हणून शब्द देल्ला होता, पण आता तोडतो.

"म्या आपल्या मनानं नोयतं केलं, बाई. त्या शनिवारी दुपारी सोनीबाई आलती माह्याकडं. म्हणे, डोमाभाऊ, थे केतकी आज डायन निंगन असं दिसून राह्यलं. निंगाली त सोमवारी माह्या घरचे बैठक बसवतात, अन् गोकुळीले जित्ती नाई सोडत. तू काई बी सांग, पण थे बाई बेकसूर सांग. पाय धरल्यावर काय म्हणाचं, थे बी तिनंच सांगतलं."

सोनीबाई आत्ता माझ्या अंगणात बसून मोह निवडते आहे. काऊन पायतं वं माह्याकडं, म्हणून दोनदा विचारलं.

त्या शनिवारी तिच्या पोचूला जाऊन सतरा दिवस झाले होते.