शांत घराण्याची चावरी पिल्लं

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. भावोजींचा खोकला आणि तुझी पाठ कशी आहे ते कळव. अक्षराला हसू नकोस, उजव्या हाताला पट्टी आहे.

तुला माहीतच आहे, आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची दोन घराणी आहेत. चाळीस पिढ्या एकीकडे शांतातले शांत निवडून त्यांचीच पैदास, दुसरीकडे तापटातल्या तापटांची. (शांतांना खिशात घालून हिंडावं, तापटांकडे मी हातमोज्यांवर हातमोजे चढवून जातो.) कोणाच्या मेंदूत कुठलं जनुक जोरात काम करतं आणि कुठलं गप्प बसतं, हे डॉक्टरबाई तपासतात. पिंजरे धुणं माझ्याकडे.

तर गेल्या मंगळवारी शांत घराण्याची पिल्लं उघड्या हाताने उचलायला गेलो आणि ताई, तीन पिल्लं तीन बोटांना लटकली! दुखण्यापेक्षा धक्का मोठा. ज्यांच्या खापरपणजोबांनीही कधी दात दाखवले नाहीत, त्यांनी मला धरावं? शेजारी बघतो तर तापटांची पिल्लं खुशाल माझ्या बाहीत शिरून पेंगतायत! डॉक्टरबाई मटकन खुर्चीतच बसल्या. आठवड्याने मेंदूची तपासणी ठरलेली. दहा वर्षांचं काम पाण्यात जायची वेळ. त्यांनी पिल्लांच्या शेपटीचे नमुने तपासायला धाडले, आणि आज उत्तर आलं: पिल्लांची अदलाबदल झालीय.

तेव्हा मला आठवलं. पिल्लं चार दिवसांची असताना मी पिंजरे धुवायला काढले, पिल्लं दोन सारख्या टोपल्यांत ठेवली, आणि नेमका तुझा फोन आला. (दोष देत नाही.) बोलता बोलता ह्यांची तिकडे, त्यांची इकडे. तसाच जाऊन बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाईंनी विचारलं, "म्हणजे शांत आईने पाजलं, चाटलं, वाढवलं, तरी ही चावतात?"

"चावतात." मी पट्टी दाखवली.

"अहो, हाच प्रयोग मी पुढच्या वर्षी करणार होते! तो तुम्ही फोनवर गप्पा मारत उरकलात?"

ही शाबासकी होती की शिवी, मला अजून उमगलेलं नाही. नोकरी राहिली. फोन मात्र आता दारातच काढून घेतात.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण वेगळंच. आमची पाच वर्षांची चिमी सुट्टीभर तुझ्या शांत घरात राहिली तर निवळेल, असं मला अजूनही वाटतं. उंदरांचं सोड, आपण माणसं आहोत.

ता. क. २. पत्र मिळेतो ती हिच्याबरोबर पोचलेली असेल. दुपारी झोपली तर हलवून उठवू नकोस. लांबून हाक मार.