कॉरिडॉरमधल्या बेसिनवर हात धुऊ देण्याबाबत

प्रति,
मा. न्यायाधीश हॅलोरन मॅडम,
कौटुंबिक व्यसनोपचार न्यायालय,
टॅमरॅक काउंटी, ओहायो.

विषय : मुलाच्या भेटीआधी सॅनिटायझरऐवजी साबणाने हात धुण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : सोमवारच्या सुनावणीत आपण दिलेली ताकीद.

महोदया,

१. माझा मुलगा कोल्बी अकरा महिन्यांचा असून बालकल्याण विभागाने त्याला लोरेटाबाईंच्या घरी सांभाळायला ठेवले आहे. सिझेरियननंतर दुखण्यावरच्या गोळ्या माझ्याकडून सुटल्या नाहीत, हे मी आपल्यासमोर कबूल केलेले आहे. दारू मी घेत नाही. तरी माझ्या लघवीच्या तपासणीत दोनदा दारूचा अंश निघाला. पुन्हा निघाल्यास भेटी बंद, असे आपण बजावले आहे.

२. भेटीच्या खोलीत बाळाला हात लावण्याआधी दर वेळी भिंतीवरच्या बाटलीतले सॅनिटायझर चोळावे लागते. कोल्बीची छाती नाजूक, म्हणून मी जरा जास्तच चोळते, पार कोपरापर्यंत. खोलीला खिडकी नाही, त्याची वाफ आतच कोंडते. दोन्ही तपासण्या भेटीनंतर लगेचच्या आहेत. तपासणी केंद्रातले रॉय म्हणाले, "पोरी, त्या बाटलीत अल्कोहोलच की. तू प्यायलीस का चोळलंस, मशीनला काय कळतंय?" तेवढे लिहून द्या म्हटले, तर म्हणाले, "मला अजून नोकरी करायचीय."

३. म्हणून या गुरुवारी मी बाटलीला हात लावला नाही, आणि मुलालाही नाही. हात मांडीखाली दाबून बसले. तो रांगत आला आणि माझा गुडघा धरून उभा राहिला. पहिल्यांदाच. मग त्याने हात वर केले. देखरेखीच्या डेनिसबाई म्हणाल्या, "अगं, घे की त्याला." मी म्हटले, "घेतला तर जाईल माझ्या हातून." तो खाली बसला, रडला, आणि लोरेटाबाईंनी सोबत दिलेल्या पिशवीकडे रांगत गेला. 'आईला मुलाची ओढ दिसत नाही,' असे काल आलेल्या अहवालात आहे.

४. बेसिन खोलीच्या दाराबाहेरच आहे. तिथे हात धुऊन आले तरी नियमाप्रमाणे बाटली दाबावीच लागते. हातमोजे घालू का विचारले, तर डेनिसबाई "पोर घाबरेल" म्हणाल्या. तरी साबणाने धुतलेले हात चालतील, एवढा आदेश व्हावा. साबण त्यांचा असावा, डेनिसबाईंनी शेजारी उभे राहावे, लागणारा वेळ माझ्या भेटीतून कापावा. माझी हरकत नाही.

५. आदेश शक्य नसल्यास, येत्या गुरुवारी त्याने पुन्हा हात वर केले तर मी काय करायचे, तेवढे बुधवारपर्यंत कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
टेसा ब्रॅनम
(कोल्बीची आई)
दि. ४ मार्च २०२३

सोबत : बाटलीवरच्या लेबलाचा फोटो.