उरल्या काचेचा आंबा

३ नोव्हेंबर
शिरपूरला बदली झाली आणि मी खूश! बँकेतले सगळे हळहळले. मला मात्र इथला बंद पडलेला बांगड्यांचा कारखाना खुणावत होता. दिवसाअखेर भट्टीत उरलेल्या काचेतून तिथले कारागीर हौसेनं पोपट, मासे, फळं करत. असल्या जुन्या वस्तू जमवायचं मला वेड. रत्ना त्याला भंगार म्हणते. ती आणि आमची सुलक्षणा नाताळच्या सुट्टीत येतील. तोवर घर माझं आणि भंगारही माझं.

९ नोव्हेंबर
गल्लीतल्या भागाबाईंकडे गेलो. त्यांचे सासरे त्याच कारखान्यात होते. त्यांनी केलेला आंबा पाहून मी हरखलो. हिरव्या काचेत लाल-पिवळे धागे! बाई द्यायला तयार झाल्या, पण वाकून तो जमिनीवर ठेवायला लागल्या. "हातमा नई देतस भाऊ. भुईवर ठेवस, तठून उचली ल्या." मीठ हातात देत नाहीत, तसंच काहीतरी असेल. पण फरशीवर काच टेकवायची? माझा जीव वरखाली झाला. मी मधेच त्यांच्या हातातून आंबा घेतला.
बाई पांढऱ्याफटक पडल्या. मग समोरचा चहाचा पेला उचलताना त्यांना चटका बसला, तशा रडायलाच लागल्या. विचित्र बाई.

१४ नोव्हेंबर
उजव्या हाताची बोटं बधिर. डॉक्टरांनी साखर तपासली, ठीक निघाली. आज तापलेला तवा हातानंच धरला. वासावरून कळलं.

२२ नोव्हेंबर
दोन्ही हात गेले. आंबा परत द्यायला गेलो, तर भागाबाईंनी हात पाठीमागे घेतले. म्हणाल्या, सासऱ्यांच्या हातून त्यांनीही असाच घेतला होता. नातवंडं कुशीत घेतली तरी अंगाला कळायचं नाही. हातातून हातात गेला की सोडतो, एरवी नाही. माफी मागत होत्या.

३ डिसेंबर
आता छातीसुद्धा. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी हात पुढे करत नाही. रत्नाला फोन केला, येऊ नका म्हणून. ती हसली. नवं भंगार लपवताय का, म्हणाली.

११ डिसेंबर
फोनवर सुलक्षणा रडली. मला काहीच वाटलं नाही. याचीच भीती वाटायला हवी—

२४ डिसेंबर
आल्याच. सुलक्षणा गळ्यात पडली. नुसतं दिसलं. आंबा कपाटात. किल्ली माझ्या खिशात. तिला द्यायचा नाही. काही झालं तरी तिला—

२५ डिसेंबर
बाबा, दाखवा ना, म्हणाली. मी नाही म्हणालो. म्हणालो असेन. किल्ली—
पेन बोटाला रुततंय. थंडी वाजतेय, किती दिवसांनी. आत रत्ना ओरडतेय, अगं, उकळतं दूध आहे ते, हातावर सांडतंय, तुला कळत कसं—