सहीचा हात

तिरुवल्लिक्केणी, मद्रास
ता. ८ जून १९५७

चि. सेतुमाधव यास अनेक आशीर्वाद. वि. वि. मी सांगते आहे, वसंता लिहिते आहे. तुझी लेक माझी वाक्यं सुधारत बसते. तिला बजावलं, शिव्या आल्या तर आल्या तशा लिही.

तुझ्या वडिलांची प्रकृती उत्तम. चार इडल्या खातात आणि खाल्ल्याच नाहीत म्हणून भांडतात. मला रोज विचारतात, बाई, आपण कोणाकडे आलात? लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर मला आपण म्हणताहेत, तेव्हा वाईट कशाला वाटून घेऊ?

पण हात काही विसरलेला नाही. जन्मभर हेडक्लार्क होते. पुढ्यात कागद आला की सही. परवा धोब्याच्या चिठ्ठीवर केली. तुझा चुलतभाऊ गुरुराज हे हेरून आहे. आंबे घेऊन आला आणि जॉर्ज टाउनच्या घराच्या मुखत्यारपत्रावर सही घेऊन गेला. आता भाडं तोच वसूल करतो, आणि घराला गिऱ्हाईक शोधतो आहे. आमची चूल त्या भाड्यावर पेटते, हे तुला सांगायला नको.

नारायणस्वामी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, हायकोर्टात अर्ज करा, की यांना व्यवहार कळत नाही, मिळकत बायकोनं सांभाळावी. मी अंगठा देऊन आले. मिळकत माझ्या हाती देताना कोर्टाला जामीन लागतो, तो तू राहायचं. लोभ आहेच, हे वाचूनही राहू दे.

तुझी आई, अलमेलू


तिरुच्चिरापळ्ळी
ता. १४ जून १९५७

तीर्थरूप सौ. आईस साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझे पत्र वाचून जेवण गेले नाही. अण्णांना भर कोर्टात वेडे ठरवायचे? ज्यांच्या इंग्रजी मसुद्यांना साहेब नावाजत, त्यांना? अर्ज मागे घे. गुरुराजला मी समजावतो.

दुसरे असे की, तंजावरच्या मंडळींशी वसंताच्या स्थळाचे बोलणे चालू आहे. घरात वेड आहे असे कानावर गेले तर ते माघार घेतील. ही गोष्ट वसंताला मात्र कळू देऊ नकोस.

रागाव हवे तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा सेतू


मद्रास
ता. १९ जून १९५७

चि. सेतुमाधव यास आशीर्वाद. वि. वि. वसंताला कळू देऊ नकोस, हे वसंतानंच मला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. बाबा, घरात वाचणारं माणूस एकच, हे तू कसं विसरलास? तुलाही तुझ्या वडिलांचं लागलं की काय?

ती म्हणते, ज्यांना माझ्या आजोबांची लाज वाटेल त्यांच्या घरी मी पाणीसुद्धा भरणार नाही. पुढे तिनं आणखी काय लिहिलं आहे, ते मला कळायचं नाही. पण तिचं तोंड बघता बरंच लिहिलं असावं.

वेडा हा कोर्टाचा शब्द, कोर्टापाशी राहू दे. मी यांना वेडं म्हणत नाही. माझ्यापाशी हे आहेत तसेच राहतील. पण गुरुराजला समजावतो म्हणतोस, तर तो समजूनउमजूनच करतो आहे. अर्ज मागे घेणार नाही. सोळा जुलैची तारीख आहे. येतोस तर एग्मोर स्टेशनावर सकाळच्या गाडीनं उतर. येत नसलास तर जामिनकीचा कागद पाठव. दोन्ही करणार नसलास तर तसं लिही, वसंता वाचून दाखवेल.

तुझ्यावरची माया शाबूत असलेली,
आई


तिरुच्चिरापळ्ळी
ता. ८ जुलै १९५७

तीर्थरूप सौ. आईस साष्टांग नमस्कार. वि. वि. गुरुराजला भेटलो. मलाच म्हणाला, काकांनी स्वखुशीने सही केली आहे. तुझे खरे होते. रजा मिळत नाही. जामिनकीचा कागद सही करून सोबत पाठवला आहे. वसंताला म्हणावे, तिचा मजकूर मिळाला, आणि स्थळाचे बोलणे मीच थांबवले आहे.

तुझा सेतू


मद्रास
ता. १७ जुलै १९५७

चि. सेतुमाधव यास अनेक आशीर्वाद. वि. वि. जज्जांनी आम्हांला आपल्या खोलीतच बसवलं. गुरुराजचा वकील म्हणाला, इतकी वळणदार सही करणारा माणूस अजाण कसा? आणि या बाईंना तर अक्षर ओळखता येत नाही.

जज्जांनी यांच्यापुढे एक कोरा कागद सरकवला. यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, खाली सही केली, फुंकर मारली आणि जज्जांना म्हणाले, रजा मंजूर, सोमवारी वेळेवर या. कोणी हसलं नाही. मी पदर तोंडाला लावला. हसू होतं की दुसरं काही, मला विचारू नकोस.

मग जज्जांनी मला विचारलं, वाचता येत नाही तर कारभार कसा करणार? मी म्हटलं, मला वाचता येत नाही म्हणून पुरतं ऐकल्याशिवाय मी अंगठा देत नाही. यांना वाचता येतं, म्हणून न वाचता सही करतात.

हुकूम झाला. मिळकत माझ्याकडे, गुरुराजचं मुखत्यारपत्र बंद, आणि दरसाल कोर्टाला हिशेब द्यायचा. देईन. वसंताला आतापासून कामाला लावते.

बाहेर कारकुनानं शाई पुढे केली. मी अंगठा उमटवला. हे शेजारी उभे होते, त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, बाई, ठसा पुसट आहे, पुन्हा द्या. मी पुन्हा दिला. तेव्हा म्हणाले, आता ठीक आहे, या तुम्ही.

आम्ही दोघं रिक्षानं घरी आलो. आमच्यावर लोभ असू दे, आणि पुढच्या रजेत ये.

तुझी आई, अलमेलू