तेविसाव्या सामन्याचं पान

प्रिय लाइल,

तू मागितलेली माझ्या डायरीची पानं या पत्रासोबत आहेत. सगळ्या एकतीस सामन्यांची. "एकही सुटू देऊ नकोस हं, पेन्सिल," असं तू फोनवर दोनदा बजावलंस, म्हणून मीही ती दोनदा मोजली. माझ्या हस्ताक्षरावर हसू नकोस. सतरा वर्षांची होते मी, आणि बहुतेक पानं तळ्याच्या धक्क्यावर पाय पाण्यात सोडून लिहिलेली आहेत. एका पानावर चिरडलेला डासही आहे. त्याची प्रत चांगली उमटली आहे.

तुझा फोन आला तेव्हा मी मक्याची कणसं सोलत होते. दहा महिन्यांत तुझा आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं, आता तू सप्टेंबरचं काही बोलशील. पण तू आधी पाऊस विचारलास, मग माझा गुडघा, आणि मग एकदम लहान मुलासारखा खुलून सांगू लागलास, की नॉर्डलच्या बेसबॉल मैदानाच्या कुंपणावर तुझ्या नावाचा फलक लागणार आहे. सलग एकतीस सामन्यांत, प्रत्येकात निदान एक फटका, उन्हाळा १९९६, गावाचा विक्रम. फक्त वाचनालयातली मार्लिस बोडे अडून बसली आहे, तिला कागद हवा आहे. वर्तमानपत्रात नुसते निकाल छापून यायचे, कुणी किती फटके मारले ते नाही. "आणि तू तर शिंकलीस तरी तारीख घालून लिहून ठेवतेस," असं म्हणून तू हसलास. मीही हसले. नंतर बराच वेळ मी त्या हसण्याचा राग करत बसले.

कागद का नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी मला लिहू दे, कारण तू ते एकदाही तोंडाने म्हटलेलं नाहीस.

आपल्या बाबांच्या स्कोअरच्या वह्या एक्केचाळीस होत्या. एका उन्हाळ्याला एक. तळ्यावरच्या केबिनमधल्या खिडकीखालच्या पेटीत, वर्षांप्रमाणे लावलेल्या. शनिवारी दुपारी धक्क्यावर रेडिओ लावून, त्याच्या तुटक्या एरियलला चॉकलेटची चांदी गुंडाळून, ते मोठ्या संघाचा सामना ऐकत आणि न बघितलेला चेंडू न बघितलेल्या माणसाने कसा अडवला ते चौकोनांत लिहीत. रविवारी दुपारी आणि आठवड्यातल्या आणखी दोन संध्याकाळी आपण सगळे ट्रकमधून नॉर्डलला यायचो आणि गावच्या संघाचा सामना ते मैदानामागच्या टपरीत बसून लिहायचे. सामन्यानंतर पुन्हा तळ्यावर, तळलेला वॉलाय मासा, आईचं बटाट्याचं सॅलड. पण वह्यांत नुसता खेळ नव्हता, लाइल. समासात त्यांचं बारीक अक्षर होतं. "तिसरा डाव, सिग्नेचा दात पडला," म्हणजे माझा. "सातवा डाव, लाइल धक्क्यावरून पडला, हसतोय." आईच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका समासात फक्त एवढंच होतं, "आज दोन घास जास्त." माणसाने आपल्याविषयी कुठे काही लिहिलं असेल तर ते त्या समासांत. बोलायचे तर किती कमी.

ऑगस्टमध्ये मी तुला फोन करून सांगितलं होतं, वह्या मी न्यायला येते. तू म्हणालास, "ये गं केव्हाही. पाय फुटणार आहेत का त्यांना?" मी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी केबिनवर आले. रूबार्बचा केक घेऊन आले होते, तोही आठवतो मला. तुझे मित्र गेले होते, बिअरचे डबे राहिले होते, आणि शेकोटीच्या खड्ड्यात राखेत तारांची वेटोळी पडलेली होती. वह्यांच्या पाठीतल्या तारा. तू दारात उभा राहून म्हणालास, "लाकडं ओली होती, पेन्सिल. आणि त्यात काय होतं? आकडेच तर." मी गुडघ्यावर बसून तारा मोजल्या. एकोणचाळीस. दोन वह्या चिकटवलेल्या होत्या, त्यांचं काहीच उरलं नव्हतं. तू आत जाऊन केक कापलास.

त्यानंतरच्या दहा महिन्यांत मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे मला चांगली समजण्याची चूक तू करणार नाहीस. तुला नाताळचा मासा पाठवला नाही आणि शेजारच्यांना दुप्पट पाठवला. तुझा टोपी घातलेला फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला, दुसऱ्या दिवशी लाज वाटून सरळ केला, तिसऱ्या दिवशी पुन्हा फिरवला. तुझी बोट बंद पडली असं कळलं तेव्हा मी स्वतःसाठी आइस्क्रीम आणलं. हे सगळं मी तारखेसकट लिहून ठेवलं आहे. एवढ्याशा सुडाने पोट भरत नाही, हेही लिहिलं आहे.

आता त्या उन्हाळ्याविषयी. तुला तो नीट आठवतो असं तुला वाटतं. माझ्याकडे तो लिहिलेला आहे.

जुलैच्या सुरुवातीला बाबा ओल्या धक्क्यावर घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. त्या रविवारपासून टपरीत पेन्सिल माझ्या हातात आली. ते शेजारी बसत, सूर्यफुलाच्या बिया चावत, आणि मी विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नसत. शिकवून त्यांनी आधीच ठेवलं होतं. साधारण खेळाडूने साधारण मेहनतीत जो चेंडू अडवायला हवा तो सुटला, तर ती त्याची चूक लिहायची. मारणारा पहिल्या बेसवर सुखरूप पोचला तरी तो त्याचा फटका नाही. "त्याला किती आनंद झालाय ते बघायचं नाही," ते म्हणाले होते. "चेंडू बघायचा."

तेविसाव्या सामन्यात तुला तीन वेळा काही जमलं नव्हतं. आठव्या डावात तू चौथ्यांदा आलास. मक्याच्या शेतावरून वारा येत होता आणि बाकांवरून कुणीतरी ओरडत होतं, "लाइल, बॅट बायकोची आणलीस का रे?" "बायको कोण देणार याला!" दुसऱ्याने उत्तर दिलं. आई मागे वळून त्या दोघांकडे बघत होती, एवढंच, आणि ते गप्प झाले. तू मारलास तो चेंडू जमिनीवरून, संथ, सरळ दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये उभ्या शॉर्टस्टॉपच्या पायांशी गेला. त्याला हलावंही लागलं नाही. तो वाकला आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. आपल्या आजीनेही अडवला असता. तू पहिल्या बेसवर उभा राहिलास, वर टपरीकडे बघितलंस, आणि टोपीला दोनदा बोट लावलंस.

बाबांनी बिया चावणं थांबवलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी फटका लिहिला.

परतताना ट्रकमध्ये तू माझे केस विस्कटलेस आणि म्हणालास, "फटकाच होता तो, काय पेन्सिल?" आणि पेट्रोल पंपावर मला दोन गोळ्यांचं आइस्क्रीम घेऊन दिलंस. बाबा खिडकीबाहेर बघत होते. निर्णय बदलायला लिहिणाऱ्याला चोवीस तास असतात, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. सोमवारी सकाळी तू धान्याच्या कोठारावर कामाला गेल्यावर मी धक्क्यावर आले, तर माझ्या कॉफीच्या कपाशेजारी वही उघडी ठेवलेली, आणि तिच्यावर त्यांचा गुलाबी खोडरबर. ते स्वतः बोट घेऊन तळ्याच्या मध्यावर गेले होते, एका हाताने वल्हवत. मोडलेल्या मनगटाने कोण मासे पकडायला जातं? दुपारपर्यंत ते परतले नाहीत. लून पक्षी ओरडत होते, ऊन पाण्यावर चढत होतं, आणि मी त्या चौकोनाकडे बघत बसले होते. मला वाटत होतं, हे खोडलं तर तू माझ्याशी कधी बोलणार नाहीस. त्या वयात मला याहून मोठी शिक्षा माहीत नव्हती.

ते आले, त्यांनी पान बघितलं, डाव्या हाताने वाकड्या अक्षरात वर तारीख घातली आणि वही मिटली. खोडरबर मात्र परत घेतला नाही. त्या सोमवाराविषयी आम्ही कधीही बोललो नाही, त्यांच्या शेवटच्या आठवड्यातही नाही. पण त्या संध्याकाळी मी माझ्या डायरीत लिहिलं. "ती चूक होती. मी फटका लिहिला. बाबांना कळलंय. लाइललाही." ते पान तुला सोबत सापडेल. डासाच्या पुढचं.

म्हणजे तुझी ती मालिका बावीसवर संपली होती. नंतरचे आठ सामने तू खरंच छान खेळलास, तेही लिहिलेलं आहे. पण त्यांना जोडणारा दुवा मी घातलेला होता.

आणि वेन्डेल हॉप्टचे सव्वीस होते, १९७१ चे. तू सत्ताविसावा सामना पार केलास तेव्हा तो मैदानात चालत आला, टोपी काढली, तुझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "शाब्बास पोरा. बरं झालं. मला कंटाळा आला होता त्या आकड्याचा." सगळे हसले. मी टपरीत पेन्सिलीला टोक करत बसले, टोक असताना. तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर ट्रकमधून मका विकतो आणि डझनाला तेरा कणसं देतो. तुझा फोन आला तेव्हा मी सोलत होते ती त्याचीच.

इथे मला सांभाळून लिहायला हवं. "वेन्डेलला न्याय मिळावा म्हणून" असं वाक्य मी या पत्रात तीनदा लिहिलं आणि तीनदा काढलं. एकोणतीस वर्षं मी त्याच्याकडून तेरा कणसं घेत आले. चौदावं कधी मागितलं नाही आणि खरंही कधी सांगितलं नाही. तू वह्या जाळल्या नसत्यास, तर मी सांगितलं असतं का? मी स्वतःला हे रोज विचारते. उत्तर दरवेळी तेच येतं. नाही. त्या पानावर मी जन्मभर बसून राहिले असते. तुझा फलक लागला असता आणि मी खाली उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या, तुझा फोटोही काढला असता.

त्यात एक गंमत आहे, ती तुला दिसली का माहीत नाही. बाबांच्या वहीत तेविसाव्या सामन्याला फटकाच होता. माझ्या हातचा, पण बाबांच्या तारखेखालचा. ती एक वही मार्लिससमोर ठेवली असतीस तर ती पाच मिनिटांत सही करून मोकळी झाली असती आणि माझी डायरी कुणी मागितलीही नसती. तुझ्या नावाच्या बाजूने बोलणारा जगातला एकमेव कागद तू सॉसेज भाजायला वापरलास. राहिला तो माझा. आणि तो तू स्वतः मागितलास, एकही पान सुटू देऊ नकोस म्हणून बजावून. मी कुणाच्या दारात गेले नाही, लाइल. मला एवढंच हवं होतं, की तू सांगितलेलं मी तंतोतंत करावं.

तुझ्याकडे आलेल्या या प्रती आहेत. अस्सल डायरी मी काल, मंगळवारी, सकाळी साडेदहाला वाचनालयात जाऊन मार्लिसच्या हातात दिली, पाकिटात, चिकटवून. ती म्हणाली, "आता नाही गं उघडत, उद्या दुपारी समितीसमोरच उघडते. लाइल खूश झाला असेल ना?" मी म्हटलं, त्यानेच मागितली. मग घरी आले आणि कॉफीच्या कपाशेजारी बाबांचा खोडरबर ठेवला. वाचनालय माझ्या दारापासून चार घरं लांब आहे. जाऊन पाकीट परत मागायला मला चोवीस तास होते, आणि ते मी जागेवर बसून स्वतःला पूर्ण दिले, जसे बाबांनी मला दिले होते. एकदा उठून चपला घातल्या, हेही तुला माहीत असू दे. फाटकापर्यंत गेले. तिथे मला तो केक आठवला. आता बुधवारचे पावणेअकरा वाजले आहेत आणि हे पत्र मी पोस्टात टाकायला निघाले आहे. तुला ते मिळेपर्यंत मार्लिसने पान वाचलेलं असेल, आणि कुंपणावर कुणाचं नाव रंगवायचं ते ठरलेलं असेल. खोडरबर सोबत पाठवते आहे, आता तो तुझ्याकडे राहू दे. माझ्या हातात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी तो वापरला नाही. पहिल्यांदा तुझ्यावरच्या मायेपोटी. दुसऱ्यांदा कशापोटी, ते कळायला हे पत्र शेकोटीच्या खड्ड्याशी उभा राहून वाच.

तुझीच,
पेन्सिल