चांदण्या दाखवल्याचा खुलासा

श्री. अच्युतराव यांस,

धाम नदीच्या काठावरून माणिकरावाचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? (डावा असेल तर क्षमा करा, चिंतेत मला डावेउजवे लक्षात राहत नाही.) विहीणबाईंना नमस्कार. आमची जया तुमच्या घरी भाजीत तिखट जास्त घालत असेल तर तिलाच बोला, मला कळवू नका, मला झोप लागत नाही. फोनच केला असता, पण फोनवर माझा श्वास वाढतो आणि जया घाबरते.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिणार होतो, पण तसे नाही. माझ्यापायी एका मास्तरीणबाईंची नोकरी जाते की काय, अशी वेळ आली आहे.

झाले असे. आमच्या शाळेत पहिली-दुसरीला ज्योत्स्ना मॅडम आहेत. कंत्राटी आहेत, करार या महिन्यात संपतो. त्यांना मुलांना तारे ओळखायला शिकवायचे होते. कोणीतरी सांगितले की माणिकरावांनी चाळीस हिवाळे गव्हाची जागल केली, त्यांना आकाश येते. येते हे खरे, पण ते मला खाटेवर पडल्यापडल्याच येते, डोके दक्षिणेला करून. (उत्तरेला डोके करून जिवंत माणसाने झोपू नये, हे तुम्हाला सांगायला नको.) उभा राहिलो की सगळे उलटेपालटे होते आणि मान धरते. हे मॅडमना सांगायचे धाडस झाले नाही, म्हणून मी मुलांनाच आडवे केले.

तारे नीट दिसावे म्हणून मॅडमनी अमावास्या निवडली. (मी नको म्हणणार होतो, पण कारण विचारले असते तर काय सांगणार?) साडेसातला आया मुलांना सोडून भाकरी टाकायला घरी गेल्या. सतरा मुले ताडपत्रीवर ओळीने, डोकी दक्षिणेला. नदीकडून मच्छर आले, म्हणून मॅडमनी कपाटातली सव्वीस जानेवारीची पांढरी बिछायत काढून सर्वांना गळ्यापर्यंत पांघरली. दिवे बंद केले. मी टोकाला पडलो आणि बजावले की हलायचे नाही, बोलायचे नाही, हलले की चांदणी हरपते. मग चार चांदण्यांचे म्हातारीचे खाटले दाखवले आणि ते ओढून नेणारे मागचे तीन चोर. (शिकलेले लोक त्या सगळ्यांना सप्तर्षी म्हणतात.) डाव्या हाताला एका रेषेतल्या तीन चांदण्यांचे तिकांडे दाखवले. मुले इतकी शहाण्यासारखी ऐकत होती की मलाच भीती वाटू लागली.

तेवढ्यात शाळा समितीचे मधुकरराव मोटारसायकलने आले आणि दिव्याचा झोत आमच्यावर पडला. अमावास्या, सतरा लेकरे गळ्यापर्यंत पांढऱ्यात, शेवटी एक म्हातारा, कोणी हलत नाही. आणि दुपारी मुलांनी शाळेची खिचडी खाल्लेली. त्यांनी गाडी थांबवलीच नाही. वळवली आणि "खिचडी, खिचडी" असे ओरडत गावात शिरले. मी उठून हाक मारायला हवी होती, पण हलू नका असे मीच मुलांना सांगितले होते. (ही माझी चूक धरा.)

पाच मिनिटांत गाव गोळा झाले. चार मुले खरोखरच झोपली होती. ती हलवूनही उठेनात, तेव्हा जो आकांत झाला तो पवनारच्या पुलापर्यंत गेला असेल. रुख्मिणीने आपल्या ऋतिकला बखोटीला धरून उभे केले, तर तो तिच्यावरच उखडला, "काऊन हलवलं वं माय? माह्यं खाटलं हरपलं ना." मग ॲम्ब्युलन्स आली. कोणाला न्यायचे ते ठरेना, म्हणून माझा बीपी मोजला. तो मात्र फारच निघाला.

आता तालुक्याच्या साहेबांची नोटीस आली आहे: मुलांना अंधारात झाकून का निजवले, याचा सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. मॅडम दोन दिवस धड जेवल्या नाहीत. आमची देवकाबाई म्हणते, "तुमाले कोनं सांगतलं होतं तिथं लोळाले?" असो. हे केवळ तुमच्या माहितीसाठी. मुलीच्या बापाने व्याह्याकडे काही मागू नये, हे मी जाणतो.

आपला,
माणिकराव

ता. क. : तुम्ही एकतीस वर्षे कचेरीत हेडक्लार्क होता, हे आत्ताच आठवले. तो खुलासा तुम्ही लिहून द्या. मॅडमची चूक एका ओळीतही येऊ नये, सगळी माझ्याकडे लावा. वय झाले, शिक्षण कमी, काय वाटेल ते लिहा. मी सही करतो.

आणखी ता. क. : पाकिटाला डिंक मिळेना म्हणून पत्र राहिले, तेवढ्यात काल दिवेलागणीनंतर साहेब स्वतःच चौकशीला आले. मैदानात मुलांना उभे करून म्हणाले, "दाखवा, काय शिकलात?" एकालाही काही दाखवता येईना. मॅडमचे तोंड उतरले. तेव्हा ऋतिक म्हणाला, "उभ्यानं नाई दिसत जी. आडवे व्हा." साहेब इस्त्रीच्या कपड्यांनिशी ताडपत्रीवर पडले. लगेच मुलांनी पाय धरून त्यांना फिरवायला घेतले, "उत्तरेले डोस्कं नोका करू, साहेब." पाव तास मुलांनी त्यांना बोटाने दाखवून एकेक नाव सांगितले. मग ते उठले, पाठ झटकली आणि म्हणाले, खुलाशात एवढेच लिहा की यापुढे बिछायत रंगीत वापरू. मॅडमचा करारही पुढे पाठवतो म्हणाले.

शेवटचा ता. क. : तरी जिवाला घोर आहे. मला खाटले आणि तिकांडे एवढेच येते. त्या दिवशी ते दहा मिनिटांत संपले आणि मुले "अजून सांगा" म्हणाली, तेव्हा वर जे दिसले त्याला मी वखर, तिफण, बैलाची शिंगे, मोट आणि देवकाबाईचा झारा अशी नावे दिली. साहेबांनी पाचही वहीत उतरवून घेतली आणि पुढच्या अमावास्येला अकरा शाळांचे शिक्षक माझ्याकडे शिकायला बोलावले आहेत. तेव्हा खुलाशाचे मॅडम बघतील. आपला नातू अर्णव त्याच्या पुस्तकात बघून, त्या पाच ठिकाणी खरे काय आहे ते कळवेल का? तिथे काहीच नसेल, तर साहेबांना ते कसे सांगायचे तेवढे तुम्ही लिहून द्या. करारावर अजून सही झालेली नाही.