चेंबरातला चौकोनी नट

५ जानेवारी १९३६
राजूरच्या घाटात आज पुन्हा तोच आवाज. दुसऱ्या वळणाला गाडीनं नाक खाली केलं की इंजिनाच्या पोटात टिक्. चढताना नाही, सपाटीला नाही. उतरतानाच, आणि एकदाच. आतून कोणी नखानं टिचकी मारावी तसा. लतीफला (क्लीनर) विचारलं, ऐकलं का? तो म्हणतो, "सेठ, मले तं पशिंजरायचीच कटकट ऐकू येते."
दिवाळीनंतर गणपत मिस्त्रीनं इंजिन खोलून नीट केलं, तेव्हापासूनचा हा आवाज. पण गणपतच्या हातात खोट नाही. मग काय?

१४ जानेवारी, संक्रांत
गणपत तिळगूळ घेऊन आला, सोबत लेक चंद्री. ती सासरहून आली आहे. लग्न झालं तरी गाडी दिसली की पळतच गेली. "काका, भोंगा वाजवू?" म्हटलं वाजव. शेजारचे बैल बुजले.
आवाजाचं सांगितलं. गणपतनं बॉनेटला कान लावल्यासारखं केलं. म्हणाला, "किसन, इंजिन नाई वाजून राह्यलं, तुहे कान वाजून राह्यले. जन्म जिनाच्या गलक्यात गेला, आता असंच होईन." सगळे हसले. सौ. पण हसली. मीही हसलो.
लागलं मात्र. मलकापूरच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी तेल घालणारा पोरगा होतो. दारात उभा राहून सांगायचो, पलीकडून तिसरं यंत्र कोरडं पडलंय. त्या कानांवर वर चढलो. शाळा चार बुकं. बाकी जे काही दारात उभं आहे ते कानांनी आणलेलं.
जाताना म्हणाला, "ऑइल बदलून देतो. तू जा, दुपारचा झोप काढ." म्हटलं झोपतो कायले, तुझ्याजवळ उभा राहतो. तर त्याला एकदम काम आठवलं. मागच्या आठवड्यातही असंच झालं. कामाचा माणूस, काय करणार.
अलीकडे पुऱ्या बाह्यांचा सदरा घालतो. जन्मभर बंडीत वावरलेला माणूस. थंडी म्हणतो.

२३ जानेवारी
सौ.नं लसणाचं तेल कोमट करून दोन्ही कानांत सोडलं, वर कापूस. मोताळ्याला एक म्हातारी "थांबव बे" म्हणाली ते ऐकू आलं नाही. घराच्या पार पुढं नेऊन उतरवली. तिनं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या मात्र कापसातून स्वच्छ ऐकू आल्या.
आणि घाटात टिक्. तोही कापसातून.
म्हणजे डोक्यातच वाजतं का खरं?

१ फेब्रुवारी
गणपत म्हणाला, "एखादा तरणा डायवर ठेव. तू गल्ल्यावर बस. घाटाचं काम आहे, कान गेले त कठीण." मायेनं बोलला. खांद्यावर हात होता त्याचा.
विचार करतोय. मागे पंधरा माणसं बसलेली आणि पुढं बसलेल्याचा स्वतःच्या कानावर भरवसा नाही, हे बरोबर नाही. होळीपर्यंत बघतो. मग चाक सोडायचं.
हे लिहिलं आणि जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
चंद्रीला सासरी मलकापूरला पोचवायचं होतं. पुढची जागा तिच्यासाठी धरून ठेवली. तर गणपतनं बैलगाडी जोडली! म्हणे, "मोटारीत तिले मळमळते." चंद्री म्हणाली, "मले कवा मळमळलं, बा?" तर तिच्यावर खेकसला. त्याला पोरीवर खेकसताना मी कधी ऐकलं नव्हतं.
घाटात त्यांना गाठलं. भोंगा दिला. चंद्रीनं बैलांच्या दमणीतून हात हलवला. गणपत बैलांकडं बघत राहिला. काय चुकलं माझं? मान दिला नाही का कुठं? आठवत नाही.

९ फेब्रुवारी
गणपत अजून मलकापुरात. आज फेरी नव्हती, म्हणून म्हटलं ऑइल आपणच बदलू. इंजिन गरम करून घेतलं. लतीफनं खाली घमेलं सरकवलं, ऑइलच्या चेंबरचं बूच काढलं. काळं ऑइल पडू लागलं. धार बारीक झाली आणि
टण्.
घमेल्याचा आवाज. लतीफ म्हणाला, "सेठ, बूच पडलं." बूच त्याच्या हातातच होतं.
काळं ऑइल बैलगाडीवाले कण्याला वंगण म्हणून नेतात, त्यामुळे आम्ही ते फडक्यातून गाळतो. फडक्यात आला. नट. पितळी, चौकोनी, एक कोपरा उडालेला. आरपार काळा दोरा, तुटका, ऑइल पिऊन जाड झालेला.
लतीफ म्हणतो, "हा आपल्या इंजिनातला नाई." नाहीच. कोणत्याच मोटारीतला नाही.
जिनातला आहे. जिनात एका दुपारी यंत्राचा नट सुटला तो बंदुकीच्या गोळीसारखा माझ्या आणि गणपतच्या डोक्यांमधून गेला, मागच्या भिंतीत रुतला. गणपतनं तो खिळ्यानं उकरून काढला. तेव्हाच कोपरा उडाला. मारुतीच्या पायाला लावून काळ्या दोऱ्यात ओवला, दंडाला बांधला. म्हणाला, "आपल्या दोघायचा जीव याच्यात हाय." तेव्हापासून त्याच्या दंडात.
लतीफला म्हटलं, कोणापाशी बोलू नको.
घासलेटनं धुतला. तळहातावर ठेवून कितीतरी वेळ बसलो. पहिली गोष्ट कोणती मनात आली? कान शाबूत आहेत. लाज वाटते लिहायला, पण आधी आनंदच झाला. मग बाकीचं आलं.

१० फेब्रुवारी
नियम गणपतचाच. उघड्या इंजिनावर वाकायचं तर अंगावर काही नको. माझी अंगठी काढायला लावायचा, तुळशीची माळ काढायला लावायचा, लतीफचे खिसे उलटे करायचा. दंडातला नट तेवढा काढत नसे. एकदा विचारलं होतं तर म्हणाला, "देवाचं काऊन काढू?" मलाही तेव्हा ते पटलं. देवाला लावलेली वस्तू पडेल असं मनात येत नाही आपल्या.
बरं, पडला. दोरा कुजला असेल. कोणाच्याही हातून पडेल. त्याचा राग नाही. देवाशपथ नाही.
पण त्याच दिवशी घरी जाऊन दंड मोकळा दिसला असणार. तेव्हा धावत यायचं होतं. "किसन, गाडी काढू नको बे, माहा नट आत पडला." मी हसलो असतो. दोघांनी मिळून काढला असता, वर चहा प्यालो असतो.
नाही आला. पुऱ्या बाह्या घातल्या. माझे कान वाजतात म्हणाला, लोकांत म्हणाला. चाक सोड म्हणाला, खांद्यावर हात ठेवून. तो हात अजून तिथंच आहे असं वाटतं, आणि काढून टाकता येत नाही.

त्याच दिवशी, मागाहून
बैलगाडी.
आत्ता लक्षात आलं. नट वर उसळून इंजिनाच्या फिरत्या दांड्यात सापडला तर इंजिन जाम होणार, चाकं धरणार, तीही घाटात. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याची चंद्री बैलगाडीत. बाकीच्यांच्या चंद्र्या माझ्या मोटारीत. दिवाळीपासून तिकिटं देऊन मी त्यांना बसवलं, दार स्वतःच्या हातानं लावलं.
सौ.नं विचारलं, काय झालं? म्हटलं कान दुखतो. तेल घेऊन आली. घालून घेतलं.

१३ फेब्रुवारी
गणपत परत आला. तसाच हसरा. काडी घालून ऑइल बघितलं आणि थबकला. नवं ऑइल.
"कोणी बदललं?"
"मी अन् लतीफनं."
"काही निघालं काय?"
इतकी वर्षं ऑइल बदलतो आहोत. हा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारलेला नाही.
म्हटलं, "काय निघते? काळं ऑइल निघालं. गाडीवाल्यानं नेलं."
"अन् तो आवाज?"
"हाये ना. वाढला उलट."
गाडीला पाठ टेकून बसला. उन्हात बाह्या वर सारल्या, विसरून. दंडात काळा दोरा. दोऱ्यात नवा कोरा नट, चारी कोपरे धड.
मी वाट बघत होतो. खरंच वाट बघत होतो. आता म्हणेल, आता म्हणेल. एक शब्द पुरा होता.
म्हणाला, "वैद्याले दाखव कान."

१६ फेब्रुवारी
उद्या लग्नाचं वऱ्हाड मलकापूरला न्यायचं आहे. गाडी भरून बाया-पोरं. दिवेलागणीला गणपत आला. बसेना.
"किसन, उद्या गाडी नको काढू."
"काऊन?"
"मले सपन पडलं. वाईट."
"सपनात काय होतं?"
चहाचा कप त्यानं तसाच खाली ठेवला.
म्हटलं, "गणपत, सपन नको सांगू. दुसरं काही असन तर सांग. तू सांगितलं तर नाही काढत, वऱ्हाडाच्या शिव्या खाईन." दार उघडं करून ठेवलं होतं, आणखी किती उघडं करायचं?
चहा गार झाला. उजव्या हातानं डावा दंड चोळत होता. "काही नाई," म्हणाला. गेला.
नट माझ्या कोटाच्या खिशात होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

१७ फेब्रुवारी
सकाळी गाडीशी हजर. अंघोळ करून, टोपी घालून. न विचारता पुढं माझ्या शेजारी चढला. नवरीच्या मामानं जागा मागितली तर म्हणाला, "तुम्ही मागं बसा. पुढं मीच बसतो."
घाट लागला. वऱ्हाडातल्या बाया गाणी म्हणत होत्या. गणपतनं पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली. पहिलं वळण. दुसऱ्या वळणाला गाडीनं नाक खाली केलं. त्यानं डोळे मिटले.
काही नाही. इंजिन कसं सुतासारखं.
राजूर मागं पडेपर्यंत तो ऐकत होता. मीही ऐकत होतो, पण इंजिन नाही, त्याचा श्वास. मोताळ्याच्या अलीकडं डोळे उघडले.
"किसन, आवाज नाई आला."
म्हटलं, "तुहे कान गेले असतीन."
मान वळवून बघितलं त्यानं. पुष्कळ वेळ बघितलं. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. मग त्यानं सदऱ्याची बाही दंडावरून खाली ओढली, हळू, बटणही लावलं.
मरायला बसला होता शेजारी, हे खरं. सांगायला मात्र नाही आलं त्याला. यातलं कोणतं धरायचं?
मलकापुरात वऱ्हाड उतरलं. तो उतरला नाही. चंद्रीचं घर हाकेवर, तिकडंही गेला नाही. हे लिहितोय ते झाडाखाली बसून. गणपत पुढच्या जागेवर तसाच बसला आहे. थोड्या वेळानं निघायचं. लतीफ वऱ्हाडापाशी राहणार. परतीला गाडी रिकामी, दोघंच. घाट चढायचा आहे.